तुमचा मुलगा फ्रॅटर्निटीत जातो म्हणाला तर

उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना आणि मंडळात जमणाऱ्या सगळ्या आई-वडिलांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीत आरती आटोपून प्रसादाच्या रांगेत उभा होतो. एका वहिनींनी हळूच विचारलं, "भावजी, तुमचा मुलगा त्या ग्रीक अक्षरवाल्यांच्यात जातो म्हणे. तुम्ही हो कसं म्हणालात?" मी तोंड उघडायच्या आत मागचे गृहस्थ म्हणाले, "जाऊ दे की हो. पुढे नोकरीला ओळखी लागतात." रांग पुढे सरकली आणि माझं उत्तर राहून गेलं. वहिनींची भीती खरी आहे. त्या गृहस्थांचा हिशेबही अगदी खोटा नाही. फ्रॅटर्निटी म्हणजे इथल्या कॉलेजातल्या मुलांची ग्रीक अक्षरांच्या नावाची बंधुत्वाची संघटना, पुष्कळदा राहायला स्वतःचं घर असलेली. पण दोघांनाही वाटतं की ती म्हणजे एक तर दारू, नाही तर ओळखीपाळखी. आमच्या घरात या विषयावर सहा महिने वाद झाला. त्यातून मला जे कळलं ते इथे लिहितो, कारण येत्या महिन्यात तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी हाच प्रश्न येणार आहे.

आधी माझ्या 'नाही'बद्दल. मुलाने पहिल्यांदा विषय काढला तेव्हा मी कारण न देता नाही म्हणालो. कारण पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वीचं होतं. १९८९ साली मी मिरजेहून इंजिनिअरिंगला गेलो. हॉस्टेलच्या पहिल्याच रात्री दारावर थाप पडली. "इंट्रो दे." मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. ज्यांनी हे भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको. माझा रूम पार्टनर जत तालुक्यातल्या एका खेड्यातला होता. घराण्यातला पहिलाच शिकायला बाहेर पडलेला. बारावीला गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क होते त्याला. त्याच्या बोलण्याची नक्कल करायची, त्यालाच ती पुन्हापुन्हा करायला लावायची, हा सीनियर्सचा रोजचा कार्यक्रम झाला. दहाव्या दिवशी पहाटे तो उठून गेला. ट्रंक, वळकटी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा खाटेखाली तसाच राहिला.

आठवड्याने त्याचे वडील एसटीने सामान न्यायला आले. धोतर, टोपी, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. खाटेच्या कडेवर टेकून म्हणाले, "पोराला काय झालं वो? काय बोलतच न्हाई." मी गप्प राहिलो. ट्रंक एसटी स्टँडपर्यंत पोचवायला मात्र गेलो. तो मुलगा परत आला नाही, इंजिनिअर झाला नाही. आणि पुढच्या वर्षी नवी मुलं आली तेव्हा मी त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला उभा होतो. मारलं नाही कुणाला, पण हसलो. आजवर हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. मुलाला सांगावं लागलं, कारण त्याने कारण मागितलं.

त्याच हॉस्टेलमधल्या दुसऱ्या एका सीनियरने मला स्वतःचा मिनी ड्राफ्टर दिला होता, मागच्या चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका दिल्या होत्या. पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, रात्री दोनला तो मला थर्मोडायनॅमिक्स शिकवायचा. त्याच्याशिवाय माझी पहिल्या वर्षाची केटी, म्हणजे राहिलेला विषय, सुटली नसती. म्हणजे एकाच छपराखाली दोन्ही होतं. मुलगा नेमकं यावरच बोट ठेवून म्हणाला, "बाबा, मग प्रश्न घराचा नाही. त्या घरात काय चालतं याचा आहे." मुलाची त्याच्या लॅब पार्टनरशी चांगली मैत्री आहे. तो कृष्णवर्णीय आहे आणि अल्फा फाय अल्फा या फ्रॅटर्निटीत आहे. त्या दोघांनी मला इथॅकाला नेलं. आम्ही राहतो न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजला, तिथून गाडीने तासाभराचा रस्ता. इतकी वर्षं मी तिकडे धबधबे बघायला जात होतो.

तिथे कॉर्नेल विद्यापीठात बार्न्स हॉलच्या समोर इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची एक भिंत आहे. तिला लागून बाक आहे आणि एक फलक. फ्रॅटर्निटीच्या शताब्दीनिमित्त बांधलेलं हे स्मारक. 'जे' म्हणजे ज्वेल्स, रत्नं. सात संस्थापकांना ती मंडळी 'सात रत्नं' म्हणतात. हेन्री कॅलिस, चार्ल्स चॅपमन, युजीन किंकल जोन्स, जॉर्ज केली, नॅथॅनिएल मरे, रॉबर्ट ओगल, व्हर्टनर टँडी. मुलाच्या मित्राने ही नावं बाकावर बसून एका दमात म्हटली, आपण लहानपणी अष्टविनायकांची म्हणायचो तशी. नवीन येणाऱ्याला पाठच करावी लागतात, म्हणाला.

या सातांची हकिगत समजून घेण्यासारखी आहे. कॉर्नेल १८६८ साली उघडलं ते 'कुणीही यावं, कोणताही विषय शिकावा' असं म्हणत. दार खरोखर उघडं होतं. पण वर्गातून बाहेर पडलं की कृष्णवर्णीय मुलाला कुणाचा आधार नव्हता. राहायचं ते गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडे. अभ्यासाचे गट, जुन्या नोट्स, संध्याकाळचं जेवण, हे सगळं गोऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निटी-घरांत आणि तिथे यांना प्रवेश फक्त वाढपी म्हणून. त्यांच्यातली काही मुलं खरोखरच त्या घरांत ताटं वाढायचं काम करायची. १९०४-०५ साली असलेल्या सहा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एकही पुढच्या वर्षी कॉर्नेलला परतला नाही, असं त्यांच्या इतिहासात सांगतात.

हे ऐकताना मला खाटेखालची ती ट्रंक दिसली.

१९०५-०६ मध्ये त्यांच्यानंतर आलेल्या मुलांनी एक अभ्यासमंडळ काढलं. कुणाच्या तरी घरी जमायचं, वाचायचं, एकमेकांचा अभ्यास घ्यायचा, कुणी मागे पडतोय का बघायचं. मग वाद पडला. मंडळच ठेवायचं की फ्रॅटर्निटी करायची? पॉइंडेक्स्टर नावाचे त्यांच्यातले मोठे, शेतीशास्त्रात पुढचं शिक्षण घेणारे, ज्यांनी या मुलांना एकत्र आणलं, तेच फ्रॅटर्निटीच्या विरोधात होते. ज्या पद्धतीने आपल्याला बाहेर ठेवलं तिचीच नक्कल कशाला, असा प्रश्न तेव्हा कुणाच्याही मनात आला असता. मला स्वतःला त्यांचा विरोध समजतो. पण तरुण मुलांना नुसतं मंडळ पुरेना. त्यांना शपथ हवी होती, आयुष्यभराचं नातं हवं होतं, पदवी घेतल्यावर न सुटणारं. पॉइंडेक्स्टर बाजूला झाले आणि ४ डिसेंबर १९०६ रोजी अल्फा फाय अल्फा स्थापन झाली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात काढलेली आणि आजवर अखंड चालत आलेली ही पहिली ग्रीक-अक्षरी फ्रॅटर्निटी. पुढच्या वर्षी तिची दुसरी शाखा वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात निघाली. १९०८ साली त्याच हॉवर्डमध्ये मुलींनी अल्फा कप्पा अल्फा काढली. कमला हॅरिस त्यातल्याच.

ग्रीक अक्षरांची ही पद्धत मुळात फार जुनी. १७७६ च्या डिसेंबरात व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कप्पा निघाली, वादविवादासाठी आणि गुप्त. पुढे १८२५ पासून आपल्या न्यूयॉर्क राज्यातल्याच स्कनेक्टडीच्या युनियन कॉलेजात आजच्या धाटणीच्या फ्रॅटर्निटी सुरू झाल्या. वर्गात घोकंपट्टी चालायची, म्हणून मुलांनी मोकळं बोलायला स्वतःच्या खोल्या शोधल्या. नंतर खोल्यांची घरं झाली, घरांचे वाडे झाले, आणि कुणाला आत घ्यायचं नाही हे ठरवणं हेच पुष्कळांचं मुख्य काम होऊन बसलं.

अल्फाची तीन उद्दिष्टं त्या मुलाने सांगितली. पुरुषाला शोभेल असं कर्तृत्व, विद्या आणि सगळ्या मानवजातीबद्दल प्रेम. ब्रीद असं की सर्वांत पुढे, सर्वांचे सेवक, आणि सर्वांच्या पलीकडे जाऊ. असली वाक्यं प्रत्येक संस्थेच्या भिंतीवर असतात. मी त्याला विचारलं, "यातलं केलं काय?"

त्याने केलेलं सांगितलं. सात जणांपैकी टँडी न्यूयॉर्क राज्याचे पहिले नोंदणीकृत कृष्णवर्णीय वास्तुविशारद झाले, केली त्याच राज्याचे पहिले नोंदणीकृत कृष्णवर्णीय इंजिनिअर. जोन्स यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या नॅशनल अर्बन लीगचा कारभार वर्षानुवर्षं सांभाळला. पण मला जास्त भावलं ते एकेकट्याच्या यशापलीकडचं. पहिल्या महायुद्धानंतर या मुलांनी 'हायस्कूलला जा, कॉलेजला जा' म्हणत मोहीम काढली. मग 'मताविना माणसं म्हणजे आशेविना माणसं' ही घोषणा घेऊन मतदार नोंदणीला लागले. १९३५ साली मेरीलँड विद्यापीठाच्या लॉ स्कूलने डोनाल्ड मरे या तरुणाला केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारला, तेव्हा फ्रॅटर्निटी त्याच्या मागे उभी राहिली. चार्ल्स ह्यूस्टन आणि थर्गुड मार्शल हे दोघेही अल्फाचेच, दोघांनी खटला लढवला आणि जानेवारी १९३६ मध्ये अपिलातही जिंकला. ते लॉ स्कूल बाल्टिमोरला, आणि मार्शलही तिथलेच. रंगामुळे त्याच लॉ स्कूलची वाट त्यांनाही बंद होती. पुढे ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. मार्टिन ल्यूथर किंग १९५२ साली बॉस्टनला शिकत असताना अल्फात आले. वॉशिंग्टनमधलं त्यांचं भव्य दगडी स्मारक आपण सगळे पाहुण्यांना दाखवायला नेतो ना, चेरीच्या फुलांच्या वेळी? त्याची कल्पना १९८४ साली याच फ्रॅटर्निटीच्या सभासदांची. संसदेची परवानगी १९९६ ची, आणि लोकांसाठी ते खुलं झालं २०११ साली. सत्तावीस वर्षं त्यांनी हे काम सोडलं नाही.

आणि ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांनी दार बंद करून घेतलं नाही. १९४५ साली सभासदत्वाची वर्णाची अट काढून टाकली.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मी त्या खाटेवर बसलेल्या वडिलांसमोर गप्प राहिलो तसाच पुन्हा गप्प राहीन. थर्गुड मार्शल यांना स्वतःला लिंकन विद्यापीठात शिकताना दोनदा निलंबित केलं होतं, इतर मुलांची थट्टा आणि हेझिंग करण्यावरून. हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच, फक्त इथे त्याला बंधुत्वाच्या परीक्षेचं नाव मिळतं. इतका मोठा माणूसही त्या वयात त्या दाराबाहेर उभा होता. कृष्णवर्णीयांच्या फ्रॅटर्निटींनी १९९० साली एकत्र येऊन प्लेजिंगची, म्हणजे सभासद करण्याआधी नव्या मुलांना उमेदवारीत पारखण्याची, जुनी पद्धत अधिकृतपणे बंद केली. कागदावर बंद झाली, पण सगळीकडची चोरून होणारी छळणूक थांबली नाही, हे तो मुलगाही मान्य करतो.

पेनसिल्व्हेनियात २०१७ च्या फेब्रुवारीत एकोणीस वर्षांचा मुलगा फ्रॅटर्निटीच्या घरात दारू पाजल्यावर तळघराच्या जिन्यावरून पडला. घर मुलांनी भरलेलं होतं. जवळपास बारा तास कुणी ९११ ला फोन केला नाही. आज त्या राज्याचा हेझिंगविरोधी कायदा त्याच्या नावाने आहे. आणि 'आपल्या लोकांच्यात गेला तर काही होणार नाही' असं मानणाऱ्यांसाठी डिसेंबर २०१३ ची घटना सांगतो. न्यूयॉर्क शहरातल्या एका कॉलेजची आशियाई मुलांची फ्रॅटर्निटी पोकोनोच्या डोंगरात गेली. नव्या मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, पाठीवर वजन दिलं, गोठलेल्या अंगणात त्याला पुन्हापुन्हा पाडलं. आशियाई लोकांनी इथे सोसलेल्या दुःखाचं हे प्रतीक, असं त्या विधीचं स्पष्टीकरण होतं. तो मुलगा वाचला नाही. आपल्या भारतीय, दक्षिण आशियाई मुलांच्या फ्रॅटर्निटीही आहेत. १९९४ साली बिंगहॅम्टनला पहिल्या काहींपैकी एक निघाली, मग पेनसिल्व्हेनिया, टेक्सास, कॅलिफोर्निया. त्यात खूप चांगली मुलं आहेत. पण सोबत भांगडा केला, दिवाळी साजरी केली, म्हणून कुणी सुरक्षित होत नाही.

मी इथॅकाहून परतताना गाडीत फारसं बोललो नाही. मनात सारखं कोल्हापूर येत होतं. राजाराम कॉलेजची दारं बहुजनांच्या मुलांना उघडी होती, पण खेड्यातून आलेल्या पोराने राहायचं कुठे, जेवायचं कुठे? शाहू महाराजांनी ओळखलं की हुशारी असून मुलं परत जातात ती यापायी. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि मग जातीजातीची बोर्डिंगं. त्यातल्या जैन बोर्डिंगात राहणाऱ्या भाऊराव पाटलांनी अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला हजेरी लावली आणि परत आल्यावर 'शुद्ध' होण्यासाठी अंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना बाहेर पडावं लागलं. आसऱ्याच्या घरातही कुणाला तरी बाहेर काढणारे असतातच. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवून. कॉर्नेलची सात मुलं आणि कोल्हापूर-साताऱ्याची ही पोरं एकमेकांना ठाऊक नव्हती. तरी दोघांचा प्रश्न एकच होता, पुढच्या वर्षी हा मुलगा परत येईल ना?

एक दुवा मात्र खरोखरचा आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे थोर विचारवंत अल्फाचे मानद सभासद. जुलै १९४६ मध्ये त्यांना मुंबईहून एक पत्र गेलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास करत आलो आहोत आणि त्यांच्या व अस्पृश्यांच्या स्थितीत फार साम्य आहे असं बाबासाहेबांनी कळवलं. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या. ड्यू बॉइसनी त्याच महिन्यात उत्तर दिलं. मुलाच्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो बाकावरून उठून उभा राहिला. त्याला आंबेडकर हे नाव माहीत होतं, पत्र माहीत नव्हतं. मला पत्र माहीत होतं, पण ड्यू बॉइस त्याच्या फ्रॅटर्निटीचे हे माहीत नव्हतं.

तर वहिनी, मी हो म्हणालो. पण हो म्हणण्याआधी आम्ही दोघांनी फ्रॅटर्निटींच्या घरांना भेट दिली आणि मुलाने तिथल्या मुलांना माझ्यासमोर तोंडावर विचारलं. गेल्या वर्षी किती नवी मुलं घेतली आणि त्यातली किती आज इथे आहेत? जी गेली ती का गेली? दुसऱ्या कुठल्या घराने घेतला नसता असा मुलगा तुमच्यात कोण? नव्या मुलाला काय करायला लावता, आणि ते त्याच्या आईला फोनवर सांगता येईल का? एक घर या प्रश्नांवर गडबडलं, तिथे तो गेला नाही. दुसऱ्या घरातल्या मुलांनी गेलेल्या दोघांबद्दल, एकाला पैशांची अडचण होती ती आम्हाला उशिरा कळली, असं मान खाली घालून सांगितलं. तिथे तो गेला.

तुम्हीही हे विचारा. मुलाला लाज वाटेल, वाटू दे. २०२४ च्या डिसेंबरात देशभरासाठी हेझिंगविरोधी कायदा झाला आहे. हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांची नावं आणि काय घडलं याचा अहवाल विद्यापीठांना त्यामुळे जाहीर करावा लागतो. मुलगा फॉर्म भरण्याआधी तो अहवाल दोघांनी शेजारी बसून वाचा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली आला, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आमच्या वेळी तो नव्हता. पण असता तरी मी त्या वडिलांना खरं सांगितल्याशिवाय त्याचा उपयोग काय झाला असता?

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना वेगळं मागणं आहे. ऑगस्टमध्ये पुण्या-नागपूर-औरंगाबादहून एमएसला मुलं येतात तेव्हा आपण त्यांना विमानतळावरून आणतो, गाद्या देतो, कुकर देतो, पहिला महिना जेवायला बोलावतो. हे फार मोठं काम आहे आणि कुणी त्याचा गाजावाजा करत नाही. तेच पहिल्या वर्षाच्या इथल्या मुलामुलींसाठी करा. गणपतीच्या कार्यक्रमात तासभर राखा. आत्ता फ्रॅटर्निटीत आणि सोरॉरिटीत, म्हणजे मुलींच्या अशाच संघटनेत, असलेल्या आपल्याच मुलांना बोलवा, नको ते अनुभव आलेल्यांनाही बोलवा, आई-वडिलांना मागच्या रांगेत बसवा आणि मुलांना एकमेकांशी बोलू द्या. आणि डिसेंबरच्या सुट्टीनंतर कॉलेजला परत जायला जो टाळाटाळ करतो त्याच्या घरी कुणीतरी जा. त्याच्या आईला फोन करू नका, त्याच्याशी बोला.

आमच्या सिरॅक्यूजच्या आसपासच्या कुणाला मुलांना घेऊन इथॅकाला जायचं असेल तर मी गाडी काढतो. सात जणांना जागा आहे. बाकावर बसायला थोडं थंड असतं, ऑक्टोबरच्या आत गेलेलं बरं. मुलाचा मित्र सोबत यायला तयार आहे, आणि बाबासाहेबांचं ते पत्र त्याने छापून आपल्या खोलीत लावलं आहे.

आपला,
सिरॅक्यूजचा एक पालक